मैत्रीचा बारा अंकी क्रमांक

वर्गात नवा मुलगा आला तर त्याला खेळायला बोलावण्यासाठी काय करावे लागते? "चल रे, एक गडी कमी आहे," एवढे म्हटले तरी पुरते. पण समजा, त्याने आधी तुम्हाला एक बारा अंकी संख्या सांगायची, तुम्ही ती वहीत उतरवून घ्यायची, मग तुमची संख्या त्याने उतरवून घ्यायची. आणि लगोरीसाठी एक संख्या, तर खो-खोसाठी दुसरी! मधली सुट्टी संपेपर्यंत डाव तरी सुरू होईल का?

गेम कन्सोलवर, म्हणजे व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर, ऑनलाइन खेळणाऱ्या लक्षावधी मुलांपुढे हाच प्रसंग आला होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २००५ साली हातात धरून खेळायच्या 'डीएस' यंत्रासाठी इंटरनेटवरून खेळण्याची सोय सुरू केली. दूर राहणाऱ्या मित्राशी मोटारींची शर्यत लावायची तर त्याचा 'फ्रेंड कोड' हवा. हा कोड बारा अंकांचा असे. तो यंत्र आणि खेळ या जोडीला मिळत असे. त्यामुळे खेळ बदलला की कोडही बदले. शिवाय दोघांनी एकमेकांचे कोड आपापल्या यंत्रात भरले तरच मैत्री जुळे. एकाने भरला आणि दुसरा विसरला, तर पहिला नुसता वाट पाहत बसे.

आता थोडा हिशेब करू. पाच मित्रांचा गट आहे. प्रत्येकाने उरलेल्या चौघांचे कोड भरायचे, म्हणजे ५ × ४ = २० कोड. प्रत्येकाचे अंक १२, म्हणून एकूण २४० अंक. खेळ तीन असतील तर ७२० अंक! आणि त्यांतला एक जरी चुकला, तरी ती जोडी जुळायची नाही. मुले वैतागली यात नवल ते काय?

नाव का नको?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? सरळ नावाने का शोधू नये? काही कंपन्यांनी तसेच केले. मायक्रोसॉफ्टने २००२ साली सुरू केलेल्या 'एक्सबॉक्स लाइव्ह'मध्ये प्रत्येक खेळाडू स्वतःसाठी एक टोपणनाव निवडत असे. नाव लक्षात ठेवायला सोपे, सांगायलाही सोपे. पण एक नाव एकालाच मिळणार. चांगली नावे भराभर संपतात आणि मागून येणाऱ्याला नावापुढे आकडे जोडत बसावे लागते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. नाव अंदाजानेही सापडते. एखाद्या अनोळखी माणसाने सहज म्हणून चार-सहा नावे टाकून पाहिली, तरी त्यांतले एखादे कुणा लहान मुलाचे निघू शकते. बारा अंकांचे तसे नाही. बारा अंकांच्या एक लाख कोटी वेगवेगळ्या रचना होतात. त्यांतून ठरावीक एका मुलाचा कोड अंदाजाने काढणे जवळजवळ अशक्यच. बरे, कोड मिळाला तरी समोरच्याने तुमचा कोड भरल्याशिवाय दार उघडत नाही. म्हणजे हे दोन किल्ल्यांचे कुलूप झाले. एक किल्ली तुमच्याकडे, दुसरी मित्राकडे. मुलांचे अनोळखी माणसांपासून रक्षण व्हावे म्हणूनच हे कुलूप बसवले होते.

बारा अंकांत दडलेला पहारेकरी

या कोडात गणिताची एक गंमतही आहे. २०११ साली आलेल्या 'थ्रीडीएस' यंत्राचे उदाहरण घेऊ. संगणक सगळ्या संख्या ० आणि १ या दोनच चिन्हांनी लिहितो. प्रत्येक खेळाडूला अशा ३२ चिन्हांची एक संख्या दिलेली असे. तिच्यावर ठरावीक गणिती क्रिया करून आणखी ७ चिन्हे काढत आणि ती पुढे जोडत. एकूण चिन्हे झाली ३९. ती आपल्या नेहमीच्या पद्धतीने लिहिली की बारा अंकी कोड तयार!

ती ७ चिन्हे म्हणजे पहारेकरी. तुम्ही एखादा अंक चुकीचा भरला, तर यंत्र तीच क्रिया पुन्हा करून पाही. उत्तर जुळले नाही, की कोड चुकला हे लगेच कळे. सात चिन्हांच्या १२८ रचना होतात. म्हणून भलताच कोड या पहारेकऱ्याच्या नजरेतून निसटण्याची शक्यता १२८ मध्ये साधारण १ एवढीच. आणखी एक गंमत पाहा. ३९ चिन्हांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ५,४९,७५,५८,१३,८८७ ही आहे. त्यामुळे या यंत्राच्या कोडाचा पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९ कधीच नसे!

असा पहारेकरी तुमच्या घरातही आहे. आधार क्रमांकाचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. बिस्किटाच्या पुड्यावर काळ्या रेघांखाली तेरा अंक असतात, तिथेही शेवटचा अंक हेच काम करतो. करून पाहा: डावीकडून पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने, असे ओळीने गुणत जा आणि सगळ्यांची बेरीज करा. बेरजेच्या शेवटी शून्य यायलाच हवे.

किल्ली पायपुसण्याखाली

पहारेकरी होता, कुलूपही होते. मग बिघडले कुठे? कुलूप इतके अवघड होते, की लोकांनी किल्लीच दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली. एकेका मित्राला कोड सांगत बसण्याचा कंटाळा आला, म्हणून कित्येकांनी आपले कोड इंटरनेटवरच्या सार्वजनिक फलकांवर लिहून टाकले. "हा माझा कोड, तुमचा द्या!" यंत्राला काय कळणार? दोन्ही बाजूंनी कोड भरले गेले, की त्याच्या लेखी ते दोघे मित्रच.

याचा परिणाम वाईट झाला. थ्रीडीएसवर हाताने लिहिलेली चिठ्ठी किंवा छायाचित्र मित्राला पाठवण्याची सोय होती. फलकांवरून कोडांची देवाणघेवाण करून काहींनी तिचा उपयोग आक्षेपार्ह मजकूर पाठवण्यासाठी केला आणि त्यांत लहान मुलेही सापडली. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस कंपनीला इंटरनेटवरून चिठ्ठ्या पाठवण्याची ही सोय बंद करावी लागली. काही जणांच्या वागण्यामुळे आपल्या भावंडांना चित्रे काढून पाठवणाऱ्या साध्यासुध्या मुलांचा आनंदही गेला.

मधला मार्ग

अनुभवातून सुधारणा होत गेल्या. थ्रीडीएसमध्येच प्रत्येक खेळाला वेगळा कोड ही पद्धत गेली आणि एका यंत्राला एकच कोड आला. २०१२ च्या 'वी यू' यंत्रात तर कंपनीने नावांचाही प्रयोग केला. २०१७ साली आलेल्या 'स्विच' यंत्रात बारा अंक परत आले, पण पद्धत सुधारून. एकाने कोड भरून विनंती पाठवायची, दुसऱ्याने फक्त बटण दाबून होकार द्यायचा. शेजारी बसलेल्या मित्राला कोड न भरताही जोडता येते आणि नको असेल तेव्हा आपला कोड बदलून घेता येतो. आता आपल्या पाच मित्रांचा हिशेब पुन्हा करा. जोड्या १०, अंक १२०, आणि तेही एकदाच! दोघांची संमती मात्र पूर्वीइतकीच आवश्यक आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कुलूप बनवताना ते किती मजबूत आहे एवढेच पाहून भागत नाही. रोज उघडणाऱ्याला ते झेपेल का, हेही पाहावे लागते. पुढे तुमच्यापैकी कोणी अशी यंत्रे बनवील, तेव्हा हे जरूर आठवावे.

आणि तोवर? यंत्र कोड तपासते, माणूस तपासत नाही. कोडाच्या पलीकडे कोण आहे हे ओळखण्याचे काम अजून तुमचेच आहे. म्हणून ज्याचा चेहरा आणि आवाज तुम्हाला ठाऊक आहे, त्यालाच आपला कोड द्या. आणि शंका आली, तर आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा.