निर्धूम दारूची कोठारे : एक मागोवा

दारूखाना वस्तीपासून दूर असावा, तळघरात गच्ची करून तिच्यावर माच घालावा व त्यावर दारूची मडकी ठेवावीत, सर्दी लागू देऊ नये, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे व पुन्हा मोहर करून ठेवावी, अशी तपशीलवार ताकीद रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्रात दिलेली आहे. त्या काळच्या काळ्या दारूला ती सर्वस्वी लागू होती. कारण सोरा, गंधक आणि कोळसा यांचे ते निव्वळ मिश्रण, आणि त्याचा वैरी एकच, ओलावा. तो दूर ठेवला की अशी दारू पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी राहते. परंतु 1884 साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूर न सोडणारी दारू सिद्ध केली, आणि साठवणीचे सारे शास्त्र पालटले. ही दारू म्हणजे मिश्रण नव्हे, संयुग आहे. ती बाहेरच्या दोषाने बिघडते त्याहून अधिक आपल्या आतूनच जीर्ण होत जाते, आणि ज्या उन्हाने जुनी दारू सुधारत असे तेच ऊन हिचे आयुष्य झपाट्याने खाते.

नायट्रोसेल्युलोजमधून नत्राची ऑक्साइडे फार मंद गतीने, पण अखंड सुटत असतात. ती तिथेच कोंडून राहिली की ओलाव्याशी मिळून आम्ल बनते, ते आम्ल विघटनाला आणखी चेतवते, विघटनातून उष्णता निर्माण होते, आणि ढीग मोठा असेल तर ती उष्णता बाहेर पडू न शकल्यामुळे अखेर दारू आपोआप पेट घेते. या ज्ञानासाठी फ्रान्सने जबर किंमत मोजली. 12 मार्च 1907 रोजी तूलाँच्या गोदीत ‘इयेना’ ही युद्धनौका उद्‌ध्वस्त होऊन सुमारे 120 माणसे दगावली; 25 सप्टेंबर 1911 रोजी त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ नष्ट झाली आणि मृतांचा आकडा अडीचशेच्याही पुढे गेला. दोन्ही प्रसंगी संशय दारूवरच आला. जुनी झालेली दारू कारखान्यात पुन्हा मळून, नव्यासारखी करून नौकांवर रवाना करण्याची जी वहिवाट होती, तिच्यावर त्या वेळी कठोर टीका झाली, आणि ती मला पूर्णतः न्याय्य वाटते. कारण पुन्हा मळल्याने दाण्याचे रूप नवे होते, वय नवे होत नाही, आणि त्या वयाचा दाखला मात्र पुसला जातो.

उपाय निघाला तो डायफेनिलअमिनचा. दारूत शेकडा एकाच्या आसपास असलेला हा पदार्थ सुटणारी ऑक्साइडे स्वतःत शोषून घेतो आणि तसे करताना स्वतः झिजत जातो. तो संपला की दारूचे रक्षण संपले. म्हणूनच अमेरिकी आरमाराने प्रत्येक लॉटचा, म्हणजे एका वेळी बनलेल्या घाण्याचा, नमुना बुचाच्या काचेच्या बाटलीत 65.5 अंश सेल्सिअसवर ठेवून देण्याची पद्धत घातली. बाटलीत तांबूस वाफ दिसेपर्यंत किती दिवस लोटतात ते पाहायचे, ते लॉटच्या क्रमांकापुढे नोंदायचे, आणि मुदत आखडत चालली की कोठारातला तो सबंध लॉट काढून टाकायचा. लॉटचा क्रमांक हरवला तर या परीक्षेला काही अर्थच उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या सरकारी शिस्तीतली दारू प्रथमच मोठ्या प्रमाणावर खाजगी हातांत आली, आणि त्या स्थित्यंतराच्या केंद्रस्थानी कॅन्सस राज्यातील ब्रूस हॉजडन हा गृहस्थ होता. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून नेमबाजी करणाऱ्यांना आता सैन्याची शिलकी दारू हवी असणार, हे ओळखून त्याने आपल्या आयुर्विम्यावर कर्ज काढले आणि ‘4895’ क्रमांकाची 50,000 पौंड दारू सरकारकडून खरेदी केली. तिचे पहिले कोठार म्हणजे भाड्याच्या गायरानात आणून ठेवलेला रेल्वेचा एक जुना मालडबा. 150 पौंडांचे पिंप तो 30 डॉलरला विकत असे; पुढे लहान गिऱ्हाइकांसाठी पत्र्याच्या डब्यांत माल भरून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, लाकडी खोकी ठोकायची आणि ती रेल्वेने रवाना करायची, अशी सारी मेहनत घरच्याच मंडळींनी केली. 1952 साली या उद्योगाला कंपनीचे रीतसर रूप आले. या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटते ती डब्यावरची चिठ्ठी. कारण पिंपातून डब्यात नुसती दारू जाऊन भागत नाही, तिच्यासोबत तिचे नाव आणि क्रमांकही जावे लागतात.

याचा पुढे सज्जड पुरावा मिळाला. ‘4831’ ही दारू मुळात 20 मिलिमीटरच्या तोफेसाठी बनलेली, सावकाश जळणारी. हॉजडनने तिचाही शिलकी साठा विकला, आणि तो सरल्यावर स्कॉटलंडमध्ये नव्याने तयार करवून घेतली. 1970 च्या दशकात ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीने त्याच क्रमांकाची आपली दारू बाजारात आणली, पण ती अधिक वेगाने जळणारी निघाली. क्रमांक एकच, रंगरूपही सारखेच, पण एकीच्या कोष्टकातले भरगच्च माप दुसरीचे घातले तर बंदुकीच्या नळीतील दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे जाण्याचा संभव. ज्याने स्वस्तात पिंप घेऊन मुरब्ब्याच्या बरण्यांत वाटून ठेवले आणि बरणीवर केवळ चार आकडे लिहिले, त्याच्या वारसाने ती दारू वापरू नये, नष्टच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतले आजचे नियम याच अनुभवातून घडले. मूळ डब्यातच दारू ठेवावी, कारण तो डबा आग लागल्यास अल्प दाबाला फुटून वायू मोकळा करील अशा बेताने केलेला असतो, तर जाड लोखंडी पेटीत कोंडलेली तीच दारू स्फोट घडवते; घरात 20 पौंडांपर्यंत साठा असावा, त्यावर 50 पौंडांपर्यंत असल्यास किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत ठेवावा; जागा थंड, कोरडी, उन्हापासून दूर असावी. डबा उघडताच आम्लाचा उग्र दर्प आला, तांबूस वाफ वा विटेच्या रंगाची भुकटी दिसली, किंवा पत्र्याला आतून गंज चढलेला आढळला, तर तो माल बाद समजावा.

तरीही 2012 साली लुइझियानातील कॅम्प मिंडेन येथे जे घडले ते या सर्व ज्ञानाच्या पश्चात घडले. तोफखान्याच्या बाद दारूगोळ्यातून काढलेली ‘एम6’ दारू तेथे एका खाजगी कंत्राटदाराकडे होती. 15 ऑक्टोबरच्या रात्री एका कोठाराचा स्फोट झाला, आणि चौकशीसाठी गेलेल्या अधिकाऱ्यांना लक्षावधी पौंड दारू खोक्यांत, उघड्यावर, काही ठिकाणी फुटून सांडलेल्या अवस्थेत आढळली. जवळच्या डॉयलाइन गावातील रहिवाशांना काही दिवस घरे सोडावी लागली. उघड्यावर जाळून ती दारू नाहीशी करण्याच्या सरकारी बेताला स्थानिकांनी नेटाने विरोध केला, आणि अखेर धूर गाळणारी बंदिस्त भट्टी उभारून 2016–17 मध्ये ती थोडी थोडी करून जाळण्यात आली.