उणे ऐंशीवर जपलेली वर्षं

हुबळीत मेडिकल कॉलेज सुरू झालं १९५७ साली. पुढे सगळे त्याला किम्स म्हणू लागले. त्याच वर्षी शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसंही तापानं फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं (एनआयव्ही), नमुन्यांतून नवा विषाणू शोधून काढला. तोच हा माकडताप, जो पुढे सत्तरी आणि दोडामार्गपर्यंत पोचला.

शोधाचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण नंतर जवळजवळ पन्नास वर्षं हे विषाणू कुणीतरी जपून ठेवले, याचं मोल मला अधिक वाटतं. म्हणूनच १९५७ ते २००६ या काळातले ४८ विषाणू एकमेकांशी ताडून पाहता आले आणि इतक्या वर्षांत ते फारसे बदलले नाहीत, हे कळलं.

चिकुनगुन्याची गोष्ट याहून बोलकी. २००६ साली एकट्या कर्नाटकात साडेसात लाखांवर संशयित रुग्ण झाले. धडधाकट माणसं भिंतीला धरून चालत होती. हा जुनाच ताप की नवा? एनआयव्हीनं जुने विषाणू तपासले. १९६३ चा कलकत्त्याचा आणि १९७३ चा बार्शीचा, दोन्ही आशियाई वाणाचे. नव्या साथीचा आफ्रिकी. आणि २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या डासांत मिळालेला विषाणूही आफ्रिकीच निघाला! साथीच्या काही वर्षं आधीच तो इथं होता.

साध्या फ्रीझरच्या उणे वीसला असे विषाणू फार काळ टिकत नाहीत. त्यांना उणे ऐंशी लागतं, नाहीतर द्रव नायट्रोजनची टाकी, उणे १९६. एकच नमुना चार-पाच इवल्या कुप्यांत वाटून ठेवायचा, कारण वितळवून पुन्हा गोठवला की दर खेपेला काही विषाणू मरतात. कुपीवरची शाई त्या थंडीत टिकणारी हवी. वीज गेली तर दार अजिबात उघडायचं नाही. नायट्रोजनच्या खोलीत हवा खेळती नसेल तर प्राणवायू कमी पडून माणूस न कळता कोसळतो. एप्रिलच्या उन्हाळ्यात फ्रीझरच खोली तापवतो. एसी आणि जनरेटर दोन्ही लागतात.

कोविडच्या सुरुवातीला हुबळीसह धारवाड जिल्ह्यातले नमुने बाहेरगावी जात. एप्रिल २०२० मध्ये किम्समध्येच तपासणी सुरू झाली. आता प्रत्येक साथीतले थोडे तरी पॉझिटिव्ह नमुने, गाव-तारीख लिहून आणि सुरक्षेचे नियम पाळून, इथंच ठेवले जावेत असं मला मनापासून वाटतं. फ्रीझरसाठी निधी मागताना जनरेटरचं डिझेल आणि रात्री अलार्म वाजला की धावत येणारा माणूस, हेही त्याच अर्जात मागावं.