गिळायची, चघळायची की पाण्यात विरघळवायची?

लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड ही दोन द्रव्यं सरकारी आरोग्यसेवेत चार रूपांनी फिरतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाला बाटलीतलं पातळ औषध, आठवड्यातून दोनदा एकेक मिलिलिटर. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना निळी, तीही आठवड्याला एकच. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. २०१८ साली सुरू झालेल्या 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमाची ही रचना आहे. ती ज्याने कोणी आखली त्याला वाचता न येणाऱ्या माणसाची आठवण होती, असं मला वाटतं. निळ्या आणि लाल गोळीतलं लोह सारखंच, ६० मिलिग्रॅम, पण एक आठवड्याची आणि दुसरी रोजची. हा फरक अक्षरांवर सोडला असता तर नंदुरबारमधल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या पाड्यावर तो टिकला नसता.

धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार १६ लाख ४८ हजार लोक राहत होते. त्यांतले शंभरात ६९ आदिवासी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. घरात भिली, पावरी, मावची, वसावी, कोकणी बोलतात. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. मराठी ही इथे अनेकांची शाळेतली आणि कचेरीतली भाषा. औषधाच्या पाकिटावरची इंग्रजी त्यापुढची, तिसरी. डॉक्टर मराठीत बोलतो, चिठ्ठी इंग्रजीत लिहितो, गोळीच्या पानावर बारीक इंग्रजी छापलेलं असतं आणि औषध घरी जाऊन घेतलं जातं ते पावरीत.

बरं, चिठ्ठीवरची भाषा धड इंग्रजीही नाही. ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस ही सगळी लॅटिन शब्दांची आद्याक्षरं: दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा, झोपताना, गरज पडली तर. युरोपातल्या औषधविक्रेत्यांनी शतकानुशतकं जपलेली ही लघुलिपी ब्रिटिशांबरोबर आली आणि वैद्यकीय महाविद्यालयांतून याच जिल्ह्यातल्या धडगावच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत पोचली. त्यावर आपल्याकडच्या डॉक्टरांनी फार सुरेख उपाय काढला, तो म्हणजे १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आकडे ओळखणाऱ्या कुणालाही ते समजतं. मात्र किती वेळा हे सांगून झालं तरी कशी घ्यायची हे उरतंच, आणि घोळ होतो तो तिथे.

त्यासाठी गोळीच्या घडणीकडे पाहावं लागतं. १८४३ साली विल्यम ब्रॉकडन या इंग्रज चित्रकाराने एका यंत्राचं पेटंट घेतलं. त्याला हवं होतं चांगलं शिसं: ग्रॅफाइटची भुकटी साच्यात दाबून पेन्सिलीसाठी अखंड कांडी करायची. त्याच पेटंटात त्याने औषधाच्या भुकटीचीही सोय केली. आजची टॅब्लेट ही अशी दाबून केलेली वस्तू. त्याआधीच्या गोळ्या हाताने वळत, आपल्या वैद्यांच्या वटी-गुटीसारख्याच. कॅप्सूल त्याहून थोडी जुनी. १८३४ साली पॅरिसमध्ये मोथ या औषधनिर्मात्याने जिलेटिनच्या पातळ पिशवीत कडू औषध भरण्याचं पेटंट घेतलं. चव लपवायची एवढाच हेतू. पुढे विसाव्या शतकात या दोन्ही रूपांना कामं नेमून दिली गेली. एखाद्या गोळीवर असा लेप असतो की ती जठराच्या आम्लात टिकते आणि आतड्यात गेल्यावर फुटते. एखादी दिवसभर हळूहळू औषध सोडते. तिच्या नावामागे एसआर किंवा ईआर ही दोन अक्षरं असतात. म्हाताऱ्या आईला गिळवत नाही म्हणून मुलाने अशी गोळी खलात कुटली, तर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. मुलाने केलं ते मायेपोटी, आणि त्याला थांबवणारा मजकूर होता फक्त दोन रोमन अक्षरांचा.

असे सापळे पुष्कळ आहेत. दम्याची रोटाकॅप हुबेहूब गिळायच्या कॅप्सूलसारखी दिसते, पण ती उपकरणात घालून तिची पूड श्वासाबरोबर आत ओढायची असते. ती पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण छातीच्या डॉक्टरांना नवे नाहीत. बायकांच्या अंगावरून जाण्यावर दिली जाणारी, योनिमार्गात ठेवायची गोळी तोंडाने घेतली जाते, कारण ती कुठे ठेवायची हे गर्दीने भरलेल्या औषधखिडकीतून पुरुष कर्मचाऱ्याने सांगायचं कसं आणि बाईने विचारायचं कसं? छातीत कळ आल्यावर जिभेखाली धरायची गोळी गिळली, तर तिचा असर ज्या मिनिटांत हवा त्या मिनिटांत होत नाही.

आणि जुलाबाचं औषध. सातपुड्यात पावसाळा सुरू झाला की झिऱ्यांचं पाणी गढूळ होतं आणि लहान मुलांचे जुलाब वाढतात. उपाय साधा आणि स्वस्त: जलसंजीवनी आणि झिंक. सरकारी जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. बाजारात मात्र २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर क्षार पाचपट होतात आणि बाळाची तब्येत आणखी बिघडते; छोटी पुडी हंडाभर पाण्यात घातली तर उपयोग होत नाही. झिंकची गोळी गिळायची नसतेच. ती चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात टाकली की क्षणात विरते. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबतात आणि उरलेलं पान कुडाला खोचलेलं राहतं. चौदा दिवस कशासाठी, तर आतड्याचं अस्तर भरून यावं आणि पुढच्या काही महिन्यांतले जुलाब टळावेत. कुपोषणाने पोखरलेल्या धडगाव-अक्कलकुव्यात या उरलेल्या गोळ्यांचं मोल मोठं आहे. पानावर 'डिस्पर्सिबल' एवढाच शब्द असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २००७ मध्ये मुलांच्या मापाच्या औषधांसाठी मोहीम उघडली आणि पुढच्या वर्षी तिच्या तज्ज्ञांनी भर दिला तो अशाच विरघळणाऱ्या गोळ्यांवर. कारण पातळ औषधाची बाटली जड, ती फुटते, उघडल्यावर टिकत नाही. पुडीच्या रूपात येणाऱ्या अँटिबायोटिकमध्ये उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत भरावं लागतं आणि त्यांतली काही नंतर थंड जागी ठेवावी लागतात. नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठी, जिथे दवाखानाच बोटीतून येतो, तिथे शीतकपाट कुणाकडे असणार? गोळी हलकी, कोरडी आणि मोजून दिलेली. हे रूप जणू अशाच मुलखासाठी घडवलं आहे, फक्त ते सांगितलं गेलं पाहिजे.

सगळ्यांत जास्त जीव अडकतो तो सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारापाशी. विळ्याच्या आकाराच्या या रक्तपेशी अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी १९१० साली नोंदवल्या. भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी आदिवासी पट्ट्यांत वर्षानुवर्षं रक्ततपासण्या केल्या. त्यांतून दिसलं की भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत या जनुकाचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत जातं. ज्या सहा जिल्ह्यांत प्रत्येकी पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत असा अंदाज मांडला गेला, त्यांतले पाच विदर्भातले आणि सहावा नंदुरबार. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे.

तपासणीत रुग्ण सापडला की औषध सुरू होतं. फॉलिक अ‍ॅसिडची बारीक पिवळी गोळी, लहान मुलांना संसर्गापासून जपण्यासाठी पेनिसिलिन, आणि मुख्य म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. हे मुळात कर्करोगाचं औषध. ते रोज घेतलं तर शरीर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा जास्त बनवू लागतं, पेशी वाकड्या होण्याचं प्रमाण घटतं, सांधे-हाडं ठणकण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची पाळी कमी वेळा येते. अमेरिकेत प्रौढांच्या सिकलसेलसाठी त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. भारतात ते मिळतं मुख्यतः ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये.

आता बारा किलो वजनाचं मूल घ्या. किलोमागे दहा मिलिग्रॅम धरले तर त्याला रोज १२० मिलिग्रॅम हवेत. कॅप्सूल ५०० ची. मोठ्या शहरातला औषधनिर्माता त्यापासून मोजून पातळ औषध करून देऊ शकतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीच्या आईने काय करायचं? कॅप्सूल उघडून पूड चार भागांत वाटणं हा घरगुती विचार झाला, पण नेमकं तेच करू नये असं हे औषध आहे. ती पूड पेशींवर थेट परिणाम करते. ती हाताला लागू नये, श्वासात जाऊ नये, गरोदर बाईने तर तिला शिवूच नये. ज्या घरात धाकटं पोटात आहे आणि थोरल्याला सिकलसेल आहे, तिथे कॅप्सूल उघडायची नाही ही सूचना औषधाइतकीच महत्त्वाची.

युरोपात आणि २०१७ पासून अमेरिकेतही मुलांसाठी १०० मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळवता येणारी गोळी आहे. युरोपात मंजूर झालेलं पातळ रूपही आहे, पण ते शीतकपाटात ठेवावं लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ साली कमी मात्रेचं, मुलांना तोंडाने देण्याजोगं रूप बनवण्यासाठी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. म्हणजे प्रौढांच्या मान्यतेनंतर पाव शतकाने आपण मुलाच्या मापाकडे वळलो. हा उशीर मला फार लागतो. औषध ठाऊक होतं, स्वस्त होतं, देशातच बनत होतं. अडलं ते फक्त त्याच्या आकारापाशी.

याच रोगात आणखी एक गुंता आहे. लोकांच्या बोलण्यात लोहाची गोळी म्हणजे 'रक्तवाढीची गोळी', आणि सिकलसेलच्या रुग्णाला मिळणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही सहज त्याच नावाखाली जाते. ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवावं लागतं, त्याच्या शरीरात लोह साचत जातं. त्याला लोह द्यायचं की नाही हे डॉक्टर तपासून ठरवतात. म्हणून आश्रमशाळेत निळी गोळी वाटताना कोणत्या मुलाच्या हातात आधीपासून पिवळी आहे, हे वाटणाऱ्याला माहीत असावं लागतं.

मराठीत हे सगळं सांगण्याची ताकद नव्हती असं कुणी म्हणू नये. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ पासून मराठीतून वैद्यक शिकवण्याचा वर्ग चालत होता. तिथे शिकवणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी मराठीत वैद्यकावर ग्रंथ लिहिले आणि १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारातल्या औषधांची यादी प्रसिद्ध केली. त्याहूनही मागे जायचं तर आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट अशी पाच रूपं सांगितली आहेत, आणि प्रत्येक नावात कृती आहे: पिळून काढलेलं, वाटलेलं, उकळलेलं, गार पाण्यात भिजवलेलं, गरम पाण्यात घालून गाळलेलं. नंतरच्या काळात शासनाने परिभाषा कोश काढले. त्यामागचे कष्ट मी मानते, पण टॅब्लेटला संस्कृत प्रतिशब्द दिल्याने पावरी बोलणाऱ्या बाईचं काही सोपं झालं नाही. 'गोळी', 'कॅप्सूल', 'सिरप', 'सलाइन' हे शब्द तिला ठाऊक आहेतच. तिला हवी आहेत क्रियापदं: गिळ, चघळ, विरघळव, जिभेखाली धर, ओढ, चोळ, हलवून घे, फोडू नको.

हे जमू शकतं याचे पुरावे सरकारी पाकिटांतच आहेत. माला-एन या गर्भनिरोधकाच्या पानात २१ गोळ्या संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या, वेगळ्या रंगाच्या. बाईने दिवस मोजायचे नाहीत, पान संपवायचं. फॅल्सिपेरम हिवतापाची औषधं वयानुसार पाच रंगांच्या पाकिटांत येतात: तान्ह्याला गुलाबी, एक ते चार वर्षांना पिवळं, पाच ते आठला हिरवं, नऊ ते चौदाला लाल, मोठ्यांना पांढरं. पाडा कार्यकर्ता किंवा आशाताई ती चूक न करता देऊ शकतात. खासगी कंपन्यांच्या पानांवर मात्र असं काही नसतं. शिवाय एकच औषध दर महिन्याला वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या रंगाचं आलं, की महिनाभर रंग लक्षात ठेवलेला रुग्ण पुन्हा गोंधळतो.

फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ या नियमांनी नोंदणीकृत औषधनिर्मात्यावर रुग्णाला औषध कसं घ्यायचं, कसं साठवायचं हे समजावण्याची जबाबदारी टाकली आहे. कोणत्या भाषेत हे ज्या त्या जागेने ठरवावं. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पावरी, मावची, भिली घरात बोलणारी मुलंमुली आता परिचारिका, औषधनिर्माते आणि डॉक्टर होण्यासाठी शिकत आहेत. त्यांच्यापैकी एकेकाला धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या औषधखिडकीवर बसवता येईल, त्यांच्याच तोंडून वीस-पंचवीस सूचना ध्वनिमुद्रित करून आशाताईंच्या फोनवर पाठवता येतील, आणि गोळीच्या पानाच्या मागे चिकटवायला चित्रांच्या पट्ट्या छापता येतील: पेला, चमचा, जीभ, उगवता सूर्य, चंद्र, आणि फुली मारलेला खलबत्ता. यातली पहिली पट्टी हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलवर लागावी.