जेवणघरापासून लांब, फार लांब

'डाउन्टन ॲबी'चा निरोपाचा चित्रपट २०२५ मध्ये येऊन गेला आणि आमच्या मंडळींत हळहळ सुरू झाली ती त्यातल्या स्वयंपाकीण मिसेस पॅटमोरच्या स्वयंपाकघरासाठी. ते चित्रीकरण झालं त्या हायक्लेअरच्या वाड्यातलं नव्हेच. मालिकेसाठी ईलिंग स्टुडिओत उभारलेला सेट तो. खऱ्या स्वयंपाकघरांसाठी मात्र कोणी कधी उसासा टाकला नाही.

आधीची शतकं भराभर उरकतो. मध्ययुगात आगीच्या भीतीने इंग्लिश उमरावाची चूल मुख्य घरापासून तुटक असे. स्टँटन हारकोर्टचं, धुराडं नसलेलं, छपराच्या झडपांतून धूर सोडणारं स्वयंपाकघर अजून उभं आहे. पुढे आगीपेक्षा वासाची भीती मोठी झाली. केडलस्टनच्या वाड्यात चूल वेगळ्या पाखेत गेली, पेटवर्थच्या वाड्यात वेगळ्या इमारतीत, मधे भुयार. १८६४ मध्ये वास्तुविशारद रॉबर्ट करने मालक आणि नोकर यांच्या वाटा वेगळ्या ठेवण्याचं शास्त्रच पुस्तकात मांडलं. जेवण निवून पोचलं तरी बेहत्तर, भाजणारा-तळणारा माणूस दिसता कामा नये!

मी इंग्लंडात होतो ते सत्तरचं दशक. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाडल्या गेलेल्या हजाराहून अधिक वाड्यांचं प्रदर्शन भरलं. लोक चुकचुकत होते ते जिन्यांसाठी, छतांच्या नक्षीसाठी. त्याच सुमारास एका वाड्यात मी स्वयंपाकघराची चौकशी केली, तर वाडा दाखवणाऱ्या बाईंनी मोरीची वाट विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. त्या बाईंना उत्तर मिळालं १९७७ मध्ये. वेल्सच्या हद्दीतला एर्डिग हा वाडा लोकांसाठी खुला झाला आणि पाहुण्यांना आत घेतलं ते नोकरांच्या बाजूने: आधी कामाची आवारं, भटारखाना, स्वयंपाकघर, दिवाणखाना नंतर. तिथल्या यॉर्क घराण्याने नोकरांची चित्रं काढून घेऊन त्यांवर कवनंही रचली होती. पुढच्याच वर्षी वास्तुइतिहासकार मार्क जिरुआर्डच्या पुस्तकाने वाड्याचा नकाशा त्यातल्या माणसांच्या वागण्यावरून वाचायला शिकवलं.

ती नजर टिकली नाही. आता कितीक वाड्यांच्या भटारखान्यांत चहा-केक मिळतो, आणि लखलखीत तांब्याची भांडी हा फोटोचा विषय झाला आहे. वाळू, मीठ, व्हिनेगर लावून ती घासणाऱ्या पोरींच्या हातांचं काय होत असेल, हे कोणी विचारत नाही.

पेटवर्थला गेलात तर टर्नरची चित्रं मागाहून पाहा. आधी ते भुयार पाहा, आणि भरलेलं ताट हातात घेऊन ते रोज कोण चालत होतं, ते तिथल्या माणसांना विचारा.