लॅपटॉप बसण्याआधी

म्हैसूरच्या गोकुलममध्ये पट्टाभी जोईस यांच्या अष्टांग योगशाळेमुळे जगभरचे लोक येतात. सकाळी आसनं, दुपारी लॅपटॉपवर दूरच्या गिऱ्हाइकाचं काम. एप्रिल-मेमध्ये इथं वळवाचा पाऊस विजांसह कोसळतो. जवळपास वीज पडली की तारांतून दाबाचा झटका येतो, आणि घरचा इन्व्हर्टर तो अडवेलच असं नाही. गडगडाट सुरू होताच चार्जर नि राउटर, दोन्हींचे प्लग काढावेत. बॅटरी आणि मोबाइलचा हॉटस्पॉट यांवर तासभर निभतं.

खरा धोका लॅपटॉपच्या आत असतो. जुनी हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कटकट आवाज करायची. आताच्या लॅपटॉपमधल्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही. सूक्ष्म कप्प्यांतला विद्युतभार म्हणजे तुमची फाइल. कुठला तुकडा कुठे, याचा नकाशा कंट्रोलर चिप सांभाळते. चिप गेली की मजकूर जागेवर असूनही सापडत नाही. तेही अनेकदा पूर्वसूचनेशिवाय.

म्हणून फाइलींच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. नुसतं क्लाउड-सिंक पुरत नाही. इथं पुसलेली फाइल तिथंही पुसली जाते.

१९९८ मध्ये पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत एका चुकीच्या आज्ञेनं ‘टॉय स्टोरी २’ भराभर पुसला गेला. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता! चित्रपटाच्या तांत्रिक पर्यवेक्षक गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत. त्यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीनं चित्रपट वाचवला. तेव्हा महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा.