क्षमा केली, पण न्याय नाकारला नाही

ओडिशातील केओंझार जिल्ह्याच्या मनोहरपूर या आदिवासी गावात २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आपल्या दोन मुलांसह गाडीत झोपले होते. मध्यरात्रीनंतर जमावाने गाडीला वेढा घातला आणि ती पेटवून दिली. ५८ वर्षांचे ग्रॅहॅम, १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमोथी यांचा होरपळून मृत्यू झाला. या हत्याकांडाने अवघा देश हादरला. मात्र त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले, तेव्हा अनेकांना त्याचा उलगडा होईना. पती आणि दोन मुले गमावलेली स्त्री असे कसे म्हणू शकते, हा प्रश्न आजही विचारला जातो.

ग्रॅहॅम १९६५ मध्ये भारतात आले. मयूरभंज जिल्ह्यातील बारिपाडा येथे त्यांनी अनेक वर्षे कुष्ठरुग्णांची सेवा केली. समाजाने आणि कुटुंबाने दूर लोटलेल्या रुग्णांना तेथे औषधोपचार आणि निवारा मिळत असे. व्यवसायाने परिचारिका असलेल्या ग्लॅडिस १९८३ मध्ये विवाहानंतर या कार्यात सहभागी झाल्या. ग्रॅहॅम धर्मांतर घडवतात, असा त्यांच्याविरोधातील आक्षेप होता. त्याच आक्षेपाचे पर्यवसान पुढे या क्रौर्यात झाले.

ग्लॅडिस यांच्या क्षमेचे मूळ ख्रिस्ती श्रद्धेत आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भक्त देवाकडे स्वतःच्या अपराधांची क्षमा मागतो आणि त्याच वेळी आपला अपराध करणाऱ्यांना क्षमा करण्याची ग्वाही देतो. क्रुसावर खिळलेल्या येशूनेही आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, असे शुभवर्तमान सांगते. त्यामुळे ख्रिस्ती विचारात क्षमा ही अपराध्याच्या पात्रतेवर अवलंबून नसते. ज्याला स्वतःला क्षमा मिळाली आहे, त्याने ती पुढे द्यावी, असा हा क्रम आहे. या श्रद्धेला पुनरुत्थानाच्या आशेचाही आधार आहे. मृत्यू हा शेवट नाही, हा विश्वास असल्यामुळेच पती आणि मुलांच्या अंत्यविधीप्रसंगी ग्लॅडिस आणि त्यांची कन्या एस्थर यांना ख्रिस्ती भक्तिगीत गाता आले.

परंतु क्षमा म्हणजे दुःखाचा विसर नव्हे. या घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या वाधवा आयोगापुढे सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात ग्लॅडिस यांनी आपल्या मनातील प्रश्न लपवले नाहीत. ग्रॅहॅम यांना का मारले गेले आणि मारेकरी इतके निर्दय का झाले, हे प्रश्न आपल्याला पडतात, असे त्यांनी नमूद केले. दोषींना शिक्षा व्हावी ही आपली इच्छा नाही, त्यांना पश्चात्ताप व्हावा आणि ते सुधारावेत, अशी आशाही त्यांनी त्यात व्यक्त केली.

येथेच क्षमा आणि न्याय यांतील भेद स्पष्ट होतो. क्षमा हा पीडित व्यक्तीच्या अंतःकरणाचा निर्णय असतो. शिक्षा ठरवण्याचे काम कायद्याचे असते. ग्लॅडिस यांनी या दोहोंची गल्लत केली नाही. त्यांच्या क्षमेमुळे खटला थांबला नाही. मुख्य आरोपी दारा सिंग याला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली. २००५ मध्ये ओरिसा उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जन्मठेप कायम केली. जन्मठेप भोगणाऱ्या आणखी एका दोषीची एप्रिल २०२५ मध्ये चांगल्या वर्तणुकीच्या आधारे सुटका झाली.

ग्लॅडिस यांच्या उदाहरणाचा आधार घेऊन इतर पीडितांकडून क्षमेची अपेक्षा करणे मात्र अन्यायाचे ठरेल. क्षमा मागता येते, पण ती वसूल करता येत नाही. दुसऱ्याच्या वतीने ती देताही येत नाही. ज्याच्यावर आघात झाला, त्याचाच तो अधिकार असतो.

या क्षमेने ग्लॅडिस यांना काय दिले, याचे उत्तर त्यांच्या पुढील वाटचालीत सापडते. हत्येनंतर देश सोडून जाणे स्वाभाविक ठरले असते. तरीही त्या बारिपाड्यातच राहिल्या आणि त्यांनी कुष्ठरुग्णांची सेवा सुरू ठेवली. ग्रॅहॅम यांच्या स्मरणार्थ २००४ मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी त्या ऑस्ट्रेलियाला परतल्या. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरवले, तर २०१५ मध्ये मुंबईतील हार्मनी फाऊंडेशनने त्यांना मदर तेरेसा स्मृती पुरस्कार दिला.

गमावलेली माणसे या सन्मानांनी परत आली नाहीत. नवे जीवन म्हणजे जुने दुःख पुसले जाणे, असा त्याचा अर्थ नाही. ज्या राज्यात कपाळीचे कुंकू पुसले गेले, तेथेच राहून दुसऱ्यांच्या जखमा बांधण्याचे बळ ग्लॅडिस यांना मिळाले. त्यांच्या क्षमेचा अर्थ या कामातून अधिक कळतो.