तपकिरी झालेली कुपी आणि कर्करोगाचे औषध

सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात कडुनिंबाच्या पानांचा गाळलेला अर्क घातला की द्रावण आधी पिवळसर आणि मग तपकिरी होते. अर्कातली पॉलिफेनॉल, फ्लॅवोनॉइड अशी द्रव्ये चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात. आयनांचे अणू होतात, अणू जुळून १ ते १०० नॅनोमीटरचे कण बनतात आणि अर्कातलीच काही द्रव्ये त्यांच्याभोवती बसून त्यांचा गोळा होऊ देत नाहीत. वेगळे विषारी रसायन लागत नाही, भट्टी लागत नाही. शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माण संस्थेसारख्या तालुक्याच्या गावातल्या संस्थेलाही नॅनोकणांवर काम करता येते, त्यामागे हा साधेपणा आहे.

या पद्धतीच्या पायाभरणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जिरेनियमच्या आणि २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांपासून चांदीचे कण बनवल्याचे प्रसिद्ध केले. खानदेशही मागे राहिला नाही. जळगावच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये चाफ्याच्या चिकातून असे कण तयार केले आणि ते डेंगी व हिवताप पसरवणाऱ्या डासांच्या अळ्यांवर वापरून पाहिले. आपल्या बांधावरच्या, देवळाच्या आवारातल्या झाडांनी हे काम केले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

असे कण कर्करोगाच्या पेशींवरही तपासले जातात. तिथे मात्र जपून बोलायला हवे. अशा बहुतेक अभ्यासांत ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कर्करोगाच्या पेशी वाढवतात, त्यांवर कण सोडतात आणि मग एक पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी ते जांभळे करतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या जास्त पेशी मेल्या. चांदीचे कण पेशीत शिरले की आयन सोडतात, ऑक्सिजनची आक्रमक संयुगे वाढवतात, मायटोकाँड्रिया आणि डीएनएला इजा करतात. पेशी मरतात, यात शंका नाही. पण आपल्या निरोगी पेशींतही तेच मायटोकाँड्रिया आणि तोच डीएनए आहे. म्हणून अशा शोधनिबंधात मी आधी एकच गोष्ट शोधते: शेजारच्या खळग्यांत निरोगी पेशी ठेवल्या होत्या का, आणि त्या किती मात्रेला तगल्या?

प्लेटपासून माणसापर्यंतचे अंतर फार मोठे आहे. प्रामुख्याने उंदरांवरच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शरीरात सोडलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. रक्तातल्या कणांचा मोठा भाग यकृत आणि प्लीहा टिपून घेतात. शिवाय चांदी शरीरात साचते. फार दिवस पोटात गेली तर कातडी निळसर-करडी पडते आणि तो रंग सहसा जात नाही. कण पानाच्या अर्कातून बनले म्हणून हा धोका टळत नाही. कर्करोगावर चांदीच्या नॅनोकणांचे मान्यताप्राप्त औषध आज नाही. घरच्या रुग्णाची केमोथेरपी थांबवून कोणी चांदीचे पाणी पाजायला सांगत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तरीही हे काम मला सोडून देण्याजोगे वाटत नाही. प्लॅटिनमच्या संयुगांनी पेशींचे विभाजन थांबते हे बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये जिवाणूंवरच्या प्रयोगात योगायोगाने दिसले. १९७८ मध्ये त्यातूनच सिस्प्लॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आजही ते वापरात आहे. मधल्या तेरा वर्षांत मात्रा, मूत्रपिंडावरचे दुष्परिणाम, रुग्णांवरच्या चाचण्या, सगळे तपासावे लागले.

वनस्पतिजन्य चांदीपुढे त्याआधीचीच एक अडचण उभी आहे. पावसाळ्यातले कडुनिंबाचे पान आणि तापीकाठच्या वैशाखातले पान यांतली द्रव्ये सारखी नसतात. मग कणांचा आकार आणि आवरणही बदलते. औषधाची प्रत्येक खेप मात्र तंतोतंत सारखी लागते. पान कोणत्या महिन्यात तोडले, कोणत्या जमिनीतले, किती वाळवले, अर्कात कोणते द्रव्य किती, याच्या काटेकोर नोंदी ठेवणे हे वनौषधी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी झाडे शिरपूरच्या आसपास हवी तेवढी आहेत.